बाटलीत पाणी चांगलं, घरात जुलाब

मी पाणी तपासणीचं काम करते, म्हणजे गावोगाव जायचं, टाकी नळ हातपंप बघायचे, नमुने घ्यायचे आणि रिपोर्ट लिहायचा. एरवी सांगण्यासारखं फार काही नसतं यात, पण ही एक केस अजून डोक्यातून जात नाही.

तक्रार अशी की गावाच्या खालच्या आळीत जुलाब थांबतच नाहीत, पोरं बरी होतात की परत आजारी, आणि वरच्या आळीत तसं काही नाही. टाकी एकच, पाईपलाइन एकच. आधीच्या रिपोर्टमध्ये पाणी पिण्यायोग्य आणि खाली शेरा, लोकांना स्वच्छतेच्या सवयी नाहीत, जनजागृती करावी. हा शेरा वाचून वाचून मला वीट आलाय. हात धुवायलाच हवेत, वादच नाही, पण घरात दोन हंडे पाणी येत असेल तर त्यातलं हाताला किती द्यायचं हे शेरा लिहिणाऱ्याने एकदा करून बघावं.

असो. टाकीजवळच्या नळापासून सुरुवात केली. ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, डीपीडीची गोळी टाकायची, क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो, तो रंगपट्टीशी जुळवायचा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम. मग लाइन धरून खाली उतरत गेले, ०.४, ०.३, आणि शेवटच्या नळाला ०.२. जागतिक आरोग्य संघटना म्हणते नळापर्यंत किमान ०.२ उरलं पाहिजे, म्हणजे सगळं नियमात. मीही पिण्यायोग्य लिहून निघाले असते तर कुणी काही बोललं नसतं.

त्या शेवटच्या नळावर मी पाणी दोन-तीन मिनिटं वाहू देत होते. शिकवलंच तसं जातं, नमुना घेण्याआधी तोटी मोकळी सोडायची म्हणजे तोटीतली घाण बाटलीत येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही पण पहिलं पाणी सोडूनच देता होय ताई? आम्ही पण सोडतो, वास मारतो त्याला." मी विचारलं, सांगितलं नाही का कुणाला? "सांगितलं की. माणूस आला, अशीच तोटी सोडली, बाटली भरली, म्हणाला पाणी चांगलंय."

मी तिथंच थांबले. म्हणजे आम्ही नियमाने नमुना घेतो आणि ज्या पाण्यात गडबड आहे नेमकं तेच आधी गटारात सोडतो!

दुसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या आधीच जाऊन बसले. तोटीतून आलेलं अगदी पहिलं पाणी घेतलं. गढूळ, वास, क्लोरीन शून्य, ट्यूबमध्ये गुलाबी रंगाचा पत्ता नाही. एचटूएसच्या बाटलीत, म्हणजे जंतू तपासायच्या बाटलीत, भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट, म्हणजे विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. थोड्या वेळाने त्याच नळाचं पाणी परत गुलाबी. आणि वास मारणारं पाणी सगळेच सोडून देतात असंही नाही. शेवटच्या घरांना जेमतेम वीस मिनिटं बारीक धार येते, त्यातलं हंडाभर टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

मग लाइन खणायला लावली. आळीच्या तोंडाशी पाईप चक्क गटारातून गेलेला आणि एक जॉइंट फुटलेला, वर रबर गुंडाळलेलं. पाणी चालू असताना तिथून चिळकांडी बाहेर उडायची, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की नुसतं पाणी वाया जातंय. पण पाणी बंद झालं की पाईपातलं उरलेलं उताराने खाली निघून जातं, मागे पोकळी होते, आणि स्ट्रॉने ओढावं तसं गटारातलं पाणी आत येतं. चोवीस तास दाब असता तर हे झालंच नसतं. शिवाय दाब कमी म्हणून लोकांनी नळ खाली घेतलेले, खड्ड्यात, आणि त्या खड्ड्यात सांडपाणी साचलेलं. तोटी त्यात बुडाली की तिथूनही तेच.

आणि गटारात काय होतं? संडासाचं पाणी. आळीत संडास आहेत, लोक वापरतातही, पण एकेकच खड्डा, तो भरला. दोन खड्डे असते तर एक बंद करून दुसरा वापरता येतो, दोनेक वर्षांत पहिल्यातल्या मैल्याची माती होते आणि ती काढायला अडचण नसते. इथे दोन घरांत हातभर जागा नाही, उपसायला पैसे नाहीत, म्हणून खड्ड्याला पाईप लावून गटारात सोडलेला. यांना सवयी नाहीत म्हणणाऱ्याने दुसरा खड्डा कुठे खणायचा ते दाखवावं.

जॉइंट बदलला, तेवढा पाईप गटारातून वर काढला, खालच्या आळीला वेगळा व्हॉल्व्ह बसवून पाणी आधी तिकडे सोडायचं ठरलं. वरच्या आळीने दोन दिवस कुरकुर केली, मग गप्प. दाब वाढल्यावर नळाचे खड्डे लोकांनी आपणहून बुजवले, त्यासाठी मला एक शब्द बोलावा लागला नाही. नंतर गेले तेव्हा पहिल्या पाण्यालाही फिकट का होईना गुलाबी रंग आला. संडासाचे खड्डे मात्र अजून तसेच आहेत, त्याचा खर्च कुणी करायचा यावर मीटिंगाच चालल्यात.

मी आता जिथे पाणी ठरावीक वेळ सुटतं तिथे एका नळाचे दोन नमुने घेते, पहिल्या पाण्याचा आणि नंतरचा. ऑफिसातून फॉर्म परत आला, एका नळाला एकच रकाना आहे म्हणून. मी दुसरा कागद टाचणीने लावून परत पाठवला.