बोरूने लिहिलेला ‘प्राजक्त’ : कागदापासून सीएनसीच्या व्हेक्टर फाइलपर्यंत

घराच्या नावाची पाटी, शब्द ‘प्राजक्त’, आणि अक्षरं फॉन्टमधली नाहीत, कागदावर बोरूने लिहिलेली. फळी सागवानाची, २८० × १२० मिमी, जाडी १८ मिमी. मशीन घरगुती ३०१८ सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कोरणारं, ३०० × १८० मिमीचा बेड आणि बिट फिरवणारा ७७५ मोटरचा स्पिंडल. अशा कामात कोरण्यापेक्षा फाइल साफ करण्यात जास्त वेळ जातो, आणि तो तिथेच घालवावा असं माझं ठाम मत आहे. ट्रेसचं, म्हणजे चित्रातून रेषा काढून देणारं, बटण दाबणं दोन मिनिटांचं काम आहे. बिघडतं ते त्याच्या आधी किंवा नंतर.

स्कॅन केलेलं चित्र म्हणजे नुसते ठिपके. मशीनला मात्र बिट, म्हणजे कापणारं फिरतं पातं, कुठल्या कडेवरून न्यायचा ते सांगावं लागतं, म्हणजे बंद रेषा लागते. अशा रेषांचं चित्र म्हणजे व्हेक्टर. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट तपासावी : ज्या चित्रात कड स्पष्ट आहे तेच व्हेक्टर होतं. अक्षरं, वारली आकृत्या, रांगोळी, स्वस्तिक, सावलीचित्र हे सगळं चालतं. गणपतीच्या मूर्तीचा फोटो चालत नाही. फोटोतली खोली सावल्यांमधून दिसते आणि ट्रेस केला की त्याच सावल्यांचे डाग होतात. उठावाच्या कामाला एसटीएल, म्हणजे त्रिमितीय मॉडेल लागतं, तो रस्ता वेगळा.

शब्द मी ज्या मापाला कोरायचा त्याच मापाला लिहितो, २२० मिमी रुंद, ५ मिमीच्या बोरूने, गुळगुळीत कागदावर, गडद काळ्या शाईने. खरखरीत कागदावर शाई तंतूंतून पसरते, कड केसाळ होते आणि ते केस पुढे नोड, म्हणजे रेषेला वळण देणारे बिंदू, बनून येतात. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, पीएनजी किंवा टिफमध्ये. या मापाला एक पिक्सेल ०.०८५ मिमीचा पडतो. घरगुती मशीनची अचूकता त्याहून फारशी बारीक नसते, त्यामुळे जास्त डीपीआय घेऊन हाती काही लागत नाही. कोरताना शब्द दुप्पट मोठा करायचा असेल तरच ६०० घ्यावेत. जेपीजी टाळावं. त्यात काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करड्या ठिपक्यांचं धुकं असतं, ट्रेसमध्ये त्याचे किडे होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र मागवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं, नाहीतर ते दाबून लहान होऊन येतं.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो, पण कागद भिंतीला सपाट चिकटवून, दोन पावलं मागे उभं राहून थोडं झूम करून फोटो काढावा. जवळून काढला की कडेची अक्षरं तिरकी पसरतात. फोटोत एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी येतेच. ती गिंप या चित्र सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी काढतो : लेयरची प्रत करायची, त्या वरच्या प्रतीला भरपूर गॉशियन ब्लर द्यायचा, इतका की अक्षरं विरघळून फक्त उजेड-अंधार उरेल, मग त्या लेयरचा मोड ‘डिव्हाइड’ करायचा. कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो.

त्यानंतर दोन लेयर एक करून २ ते ३ पिक्सेलचा हलका ब्लर, आणि मगच ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे करडं सगळं निव्वळ काळं किंवा पांढरं करणं. हा क्रम उलटा करू नये. ब्लरने कडेवरचे दातरे आधी मऊ होतात आणि थ्रेशोल्ड त्यातून एक स्वच्छ सीमा काढतो. ब्लर ६-७ पिक्सेलपर्यंत नेला तर बोरूच्या फटकाऱ्याची टोकं गोल होतात, आणि बोरूच्या अक्षराचं सगळं सौंदर्य त्या टोकांत असतं. थ्रेशोल्डचा सरकता काटा हलवताना मी एकाच जागेकडे बघतो : ‘क्त’मध्ये जिथे दोन रेषा जवळ येतात ती फट. ती बुजायला लागली की काटा जरा मागे. शाई कमी पडून फटकाऱ्यात पांढऱ्या चिरा आल्या असतील तर त्या इथेच काळ्या ब्रशने भरतो. कागदावर त्या छान दिसतात, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद लाकडाची पट्टी बिटाखाली टिकत नाही.

आता इंकस्केप, व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर. चित्र आत घेऊन ‘पाथ’ मेनूतलं ‘ट्रेस बिटमॅप’. आत काम करतं ते पोट्रेस, पीटर सेलिंजर यांनी लिहिलेलं. ‘सिंगल स्कॅन’मध्ये ‘ब्राइटनेस कटऑफ’ निवडायचं. चित्र आधीच निव्वळ काळं-पांढरं असल्याने ०.४५ तसाच ठेवला तरी फरक पडत नाही. खालच्या तीन आकड्यांना मात्र अर्थ आहे. ‘स्पेकल्स’ म्हणजे किती पिक्सेलपर्यंतचा ठिपका टाकून द्यायचा. ३०० डीपीआयला एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे १४० पिक्सेल येतात, म्हणून अर्ध्या चौरस मिलिमीटरखालचा कचरा घालवायला मी ७० लिहितो. शब्दात अनुस्वार किंवा नुक्ता असेल तर तो यात जात नाही ना, ते पाहावं. ‘स्मूथ कॉर्नर्स’ १.० वरच ठेवतो, तो १.३४ पर्यंत चढवला की एकही टोकदार कोपरा उरत नाही, सगळं साबणासारखं गुळगुळीत होतं. ‘ऑप्टिमाइझ’ ०.२ वरून ०.५ केला की नोड कमी होतात आणि आकार जवळजवळ तोच राहतो.

‘एज डिटेक्शन’ या कामाला घेऊ नये. ते कडेच्या दोन्ही बाजूंना रेषा काढतं, एका अक्षराच्या दोन कडा होतात आणि मशीन एकाला लागून एक दोनदा चर पाडतं. ‘मल्टिपल स्कॅन्स’मध्ये रंगांचे थर एकमेकांखाली पसरतात, तिथेही तोच घोळ. पेन्सिलीच्या एका रेषेवरून नुसता बारीक बिट फिरवायचा असेल तर इंकस्केप १.० पासून आलेला ‘सेंटरलाइन ट्रेसिंग’ उपयोगी आहे, बोरूच्या अक्षरांना नाही.

ट्रेस झाल्यावर नवा पाथ मूळ चित्राच्या बरोबर वर बसलेला असतो. तो बाजूला सरकवून खालचं चित्र डिलीट करायचं. ते राहून गेलं तर एसव्हीजीच्या, म्हणजे इंकस्केपच्या व्हेक्टर फाइलच्या आत पीएनजी तसंच पडून राहतं. ‘फाइल एसव्हीजी आहे, तरी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच उघडत नाही’ असं होतं तेव्हा पुष्कळदा आत पाथ नसतोच, नुसतं चित्र असतं. फ्लेक्सच्या किंवा रेडियमच्या दुकानातून सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल घेताना अक्षरं ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करून एसव्हीजी मागावी, म्हणजे फॉन्ट नसल्याची अडचण येत नाही.

साफसफाई ‘आउटलाइन’ दृश्यात करतो. रंग निघून जातो, नुसती कड दिसते, बिटाला दिसणार तशी. एफ-२ दाबून नोड टूल घेतलं, सगळे नोड निवडले की खालच्या पट्टीत त्यांची संख्या कळते. ‘प्राजक्त’सारख्या शब्दाला सव्वाशे-दीडशे नोड पुरतात. सहाशे-सातशे दिसले तर ‘सिम्प्लिफाय’ दाबत बसण्यापेक्षा गिंपमध्ये परत जाऊन ब्लर-थ्रेशोल्ड सुधारावा. ‘सिम्प्लिफाय’, म्हणजे कंट्रोल+एल, एकदा चालतं. दुसऱ्यांदा दाबलं की दांड्याची सरळ कड लहरायला लागते. नोड जास्त असले की जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला जाणाऱ्या हालचालींच्या सूचनांत, अतिशय छोटे तुकडे येतात, मशीन प्रत्येक तुकड्याला वेग कमी-जास्त करत अडखळतं, आणि त्या अडखळण्याचे व्रण सागवानाच्या उतारावर स्पष्ट दिसतात.

शब्द कोरायचा व्ही-बिटने, म्हणजे टोकाकडे निमुळत्या बिटाने, आणि त्यासाठी दोन जागा जवळून बघाव्या लागतात.

पहिली, शिरोरेखा आणि दांडा मिळतात ती. व्ही-कोरीव कामात खोली रेषेच्या रुंदीवर ठरते. ९० अंशांच्या बिटाने ५ मिमी रुंद रेषा २.५ मिमी खोल जाते. पण शिरोरेखेला दांडा मिळतो तिथे दोन्ही रेषांमध्ये मावणारं वर्तुळ मोठं होतं, व्यास ६.२५ मिमी, आणि खोली ३.१ मिमी. म्हणजे प्रत्येक दांड्याच्या माथ्याशी एक लहान खळगा पडतो. हा फाइलचा दोष नव्हे, भूमितीच तशी आहे. मला तो खळगा आवडतो, टाकीने कोरलेल्या अक्षरासारखा दिसतो. नको असेल तर सॉफ्टवेअरमध्ये कमाल खोली २.५ मिमी बांधून द्यावी. यावरून बिटाचं मापही ठरतं : व्यास ६.२५ पेक्षा मोठा हवा, म्हणून ६.३५ मिमीचा घेतो. मशीनबरोबर सहसा ३.१७५ मिमीचा कोलेट, म्हणजे बिट धरणारी पकड, येतो; ६.३५ मिमीच्या दांडीसाठी ईआर-११चा वेगळा कोलेट घ्यावा लागतो.

दुसरी जागा ‘प्र’मधली तिरकी रेघ. ती दांड्याला जिथे मिळते तिथे दोघांच्या मध्ये लाकडाची एक निमुळती पाचर उरते, टोकाला कागदाइतकी पातळ. सागवान तिथे हमखास ढलपी सोडतं. नोड टूलने त्या आतल्या कोपऱ्याचा नोड पाऊण ते एक मिलिमीटर मागे ओढतो, म्हणजे पाचरीचं टोक बोथट होतं. डोळ्याला फरक कळत नाही, लाकूड वाचतं. ‘प’च्या पोटात आणि ‘क’च्या डाव्या गाठीत उरणारं लाकूडही मोजून घ्यावं. सगळ्यात अरुंद जागी ते २ मिमीपेक्षा कमी असेल आणि लाकडाच्या रेषा त्याला आडव्या जात असतील, तर ते टिकणार नाही असं धरून चालावं. ‘ब’ आणि ‘ष’च्या पोटातल्या तिरक्या रेघेमुळे हेच संकट दुप्पट होतं.

टाइप केलेल्या अक्षरांची वेगळी भानगड आहे. कोरीव कामाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी थेट टाइप केली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून शब्द इंकस्केपमध्येच लिहावा, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त किंवा बलू यांसारखे युनिकोड फॉन्ट घेऊन. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आलेत ना, ते बघावं. पुष्कळ फॉन्ट आधी हिंदी वळण देतात. मग शिफ्ट+कंट्रोल+सीने पाथ करायचा, ग्रुप सोडवायचा आणि सगळ्या अक्षरांचं ‘युनियन’ करायचं. देवनागरी फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. युनियन केलं नाही तर त्या प्रत्येक सांध्यात एक लहान चौकट उरते, आणि सॉफ्टवेअर ती पोकळ धरून मधे लाकूड शिल्लक ठेवतं. अखंड शिरोरेखेवर अक्षरागणिक उंचवटे दिसले तर कारण हेच.

मापाचं लवकर आटपतो, पण यात चुकलं की फळी वाया जाते. डॉक्युमेंटचं एकक मिमी ठेवावं. पाथला फक्त फिल (आतला रंग) असावा, स्ट्रोक (कडेची रेघ) नसावा, नाहीतर मोजलेल्या रुंदीत स्ट्रोकची जाडी मिसळते. इंकस्केप ०.९२ पासून एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं, त्याआधी ९० धरायचं, आणि काही सॉफ्टवेअर ७२ धरतात. त्यामुळे १०० मिमीची आकृती पुढे १०६.७ किंवा १३३.३ मिमीची होऊन उघडते. हे दोन आकडे लक्षात ठेवले की चूक कुठली ते लगेच ओळखता येतं. मी फाइलच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवतो, पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये तो मोजतो आणि मगच काढून टाकतो. शिवाय कागदावर १०० टक्के मापाला एक प्रिंट काढून फळीवर ठेवतो. समासाचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

पुढचं सॉफ्टवेअर एसव्हीजी घेत असेल तर तीच द्यावी. मी व्ही-कोरीव कामासाठी एफ-एन्ग्रेव्ह वापरतो, ते मोफत आहे आणि डीएक्सएफ हा व्हेक्टर फाइलचा दुसरा प्रकार वाचतं. इंकस्केपमधून ‘डीएक्सएफ आर-१४’ निवडून, एकक मिमी ठेवून सेव्ह करायचं. काही सॉफ्टवेअर त्यातले स्प्लाइन (वळणदार रेषा) वाचत नाहीत : अक्षराच्या सरळ कडा दिसतात आणि वळणं गायब. तसं झालं तर फाइलच्या प्रतीवर ‘फ्लॅटन बेझियर्स’ ०.१ ला चालवून वळणांचे बारीक सरळ तुकडे करावेत. मूळ एसव्हीजीला हात लावू नये. ‘ओपन व्हेक्टर’ अशी तक्रार आली तर कुठेतरी कड पूर्ण जुळलेली नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ०.०५ ते ०.१ मिमीची मर्यादा देऊन टोकं जोडता येतात. त्याहून मोठी फट असेल तर इंकस्केपमध्ये दोन टोकाचे नोड निवडून ‘जॉइन’ करायचं.

सागवानावर मी ५०० मिमी प्रति मिनिट वेग आणि दर फेरीला ०.८ मिमी खोली ठेवतो. आधी तोच शब्द एमडीएफच्या तुकड्यावर काढून बघतो.

त्या तुकड्यावर शब्द डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक आला तर फाइल उघडायची गरज नाही. फळी तिरकी बसली आहे. ९० अंशांच्या बिटाला उंचीत ०.३ मिमीचा फरक म्हणजे रेषेच्या रुंदीत ०.६ मिमीचा फरक. ६० अंशांच्या बिटाला तो सुमारे ०.३५ मिमी पडतो. फळीच्या चारही कोपऱ्यांवर बिट टेकवून, खाली साध्या कागदाचा कपटा सरकवून उंची बघावी. जो कोपरा खाली असेल तिथे पत्त्याचा तुकडा सरकवून फळी पुन्हा आवळायची.