तुम्ही विचारलेत म्हणून : मुंबई सोडून हैदराबाद का?

"सर, तुमचा मुंबईला नंबर लागला होता म्हणे. मग हैदराबादला कसे काय गेलात?" पीएच.डी.च्या प्रवेशाची पत्रे येऊ लागली की हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. कधी विद्यार्थी विचारतो, कधी त्याचे वडील विचारतात, आणि दोघांनाही माझ्या भूतकाळात फारसा रस नसतो. हातात दोन पत्रे आहेत, उत्तर द्यायची तारीख जवळ आली आहे आणि लेकराला कुठे पाठवावे हे कळत नाही, हे त्यांचे खरे दुखणे असते. मी परभणीत रसायनशास्त्र शिकवतो आणि या प्रश्नाचे उत्तर इतके दिवस तुकड्यातुकड्यांनी देत आलो आहे. ते एकदा सलग लिहून ठेवतो.

२०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेतून एम.एस्सी. झालो आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, निघाली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ही फेलोशिप दरमहा १२,००० वरून १६,००० रुपये झाली होती. आमच्या घरात ठरलेली रक्कम दर महिन्याला येण्याची ती पहिलीच वेळ असणार होती, कारण कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि येण्याआधीच वाटले गेलेले असतात. पुढे मुंबईतील एका नामांकित संस्थेने आणि हैदराबादेतील एका विद्यापीठाने, अशा दोघांनीही मला बोलावले. त्याआधी वसंतात अमेरिकेतील एका विद्यापीठाचेही पत्र येऊन गेले होते. त्याची हकीकत पुढे सांगतो, कारण ती सांगताना मी बरीच वर्षे प्रामाणिक नव्हतो.

वडिलांनी दोन्ही पत्रे उलटसुलट करून पाहिली आणि एकच विचारले, "गाडी थेट आहे का?" परभणीच्या माणसाची पंचाईत अशी की देवगिरी एक्स्प्रेस एका बाजूने मुंबईला जाते आणि दुसऱ्या बाजूने सिकंदराबादला, त्यामुळे त्या कसोटीवर काहीच ठरेना. आजोबांना मात्र शंका नव्हती. त्यांच्या लहानपणी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यांची शाळा उर्दूतून झाली होती आणि औरंगाबादला विद्यापीठ १९५८ साली निघेपर्यंत इकडच्या मुलांसाठी मोठे शिक्षण म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. "शिकायला हैदराबादलाच जातात," असे ते इतक्या सहजपणे म्हणाले की जणू १९४८ची पोलीस कारवाई कालपरवाच झाली असावी.

मी दोन्हीकडे स्वतः जाऊन यायचे ठरवले. जनरलच्या डब्यातून दोन रात्रींचा तो प्रवास झाला आणि त्या दोन रात्रींइतका उपयोगी अभ्यास मी त्यानंतरही फार वेळा केलेला नाही.

मुंबईची प्रयोगशाळा पाहून डोळे दिपले. जी उपकरणे मी फक्त पुस्तकातील आकृतीत पाहिली होती, ती तिथे ओळीने मांडलेली होती. चार संशोधक विद्यार्थी होते. "सर कधी भेटतात?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मग एकजण म्हणाला, "गुरुवारी ग्रुप मीटिंग असते, त्यात भेटतात." दुसरा मला फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने विचारले, "तुला जेआरएफ आहे ना? मग घेतीलच." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण परतीच्या गाडीत मला तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. जेआरएफ ही तुमच्या नावावरची रक्कम आहे. ती घेऊन येणारा विद्यार्थी गाईडला, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकाला, आपल्या प्रकल्पाच्या पैशांतून पोसावा लागत नाही. त्यामुळे तुम्हाला बोलावले, याचा अर्थ तुम्हीच हवे आहात असा दर वेळी होत नाही. आज ही फेलोशिप पहिली दोन वर्षे ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे, म्हणजे ही गोष्ट तेव्हापेक्षा आज अधिक ध्यानात ठेवायला हवी.

हैदराबादेत खोली लहान होती आणि विषारी वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडच्या काचेला चिकटपट्टी लावलेली होती. सहाव्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी कॉलम, म्हणजे मिश्रणातील पदार्थ वेगळे करणारी सिलिका भरलेली काचनळी, चालवत होती. सिलिकामधून पिवळा पट्टा सावकाश खाली उतरत होता आणि त्याच्या मागोमाग एक फिकट नारिंगी पट्टा येत होता. गाईड आत आले, माझ्याकडे न पाहता वाकून कॉलमकडे पाहू लागले आणि म्हणाले, "आता परीक्षानळी बदल." ती म्हणाली, "अजून नाही सर, दोन्ही मिसळलेले आहेत." ते थांबले, पुन्हा वाकून पाहिले आणि "बरोबर," म्हणून बाजूला झाले. मग त्यांनी मला विचारले की तुझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात काय चुकले होते. काय जमले, हे सगळेच विचारतात. काय चुकले, हे मला त्याआधी कोणी विचारले नव्हते. ओल राहिलेल्या सॉल्व्हेंटमुळे माझे उत्पादन १२ टक्क्यांवर आले होते आणि ते लपवण्यासाठी मी अहवालात केवढे मोठे परिच्छेद लिहिले होते, हे मी त्यांना सांगून टाकले. ते हसले. माझा निर्णय तिथेच झाला होता.

आता अमेरिकेबद्दल. त्या पत्रात शिकवणी शुल्काची माफी आणि अध्यापन साहाय्यकाचे मानधन होते, आणि उत्तरासाठी १५ एप्रिलची तारीख होती. तिथल्या पुष्कळ विद्यापीठांनी मिळून असे मान्य केलेले आहे की आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाचे उत्तर त्या तारखेपूर्वी द्यायची विद्यार्थ्यावर सक्ती करू नये. साहाय्य नसलेल्या प्रवेशाला ती सवलत लागू नाही, हे मात्र आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. आजच्या मुलांना मी सांगतो की मानधन नऊ महिन्यांचे आहे की बारा महिन्यांचे, आरोग्य विम्याचे पैसे कोण भरणार आणि त्या गावात खोलीचे भाडे किती, हे कागदावर मांडल्याशिवाय डॉलरला रुपयांनी गुणू नका. मी यातले काहीच मांडले नाही. आपल्याच मातीत काम करायचे होते म्हणून नकार दिला, असे मी अनेक समारंभांतून सांगितले आहे. खरे कारण असे की मी घाबरलो होतो. विमानाला, इंग्रजीला आणि वडिलांच्या डोक्यावरच्या कर्जाला.

इथेच थांबलो तर "माणूस पाहून निवड करा" असा सोपा सल्ला तुमच्या हाती पडेल, आणि तो अपुरा आहे. तिसऱ्या वर्षी माझे गाईड दुसऱ्या संस्थेत गेले. लहानशी खोली आठवडाभरात रिकामी झाली, फेलोशिपची कागदपत्रे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली आणि सात महिने खात्यात एक रुपया आला नाही. मेसचे पैसे खोलीतील मित्राने भरले. शेवटी विभागातील दुसऱ्या एका प्राध्यापिकेने, ज्यांच्याशी मी तोवर फक्त चहाच्या वेळी वाद घालत असे, मला आपल्याकडे घेतले म्हणून माझा प्रबंध २०१६ साली पुरा झाला. तेव्हापासून मी मुलांना विचारतो की तुझा गाईड उद्या निघून गेला, तर त्या विभागात तुला सांभाळून घेईल असा दुसरा कोण आहे? एकही नाव सुचले नाही, तर त्या पत्राचा पुन्हा विचार करावा.

हे सारे आता घरबसल्याही बरेच कळते. अनेक विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहावर आहेत. एखाद्या गाईडच्या विद्यार्थ्यांची नावे तिथून काढावीत, ते किती वर्षांनी सुटले आणि आज कुठे आहेत याचा माग काढावा, त्यांच्या शोधनिबंधांवर पहिले नाव विद्यार्थ्याचे असते का ते पाहावे. फोन मात्र शिकून बाहेर पडलेल्यांनाच करावा, कारण आत असलेला विद्यार्थी बोलण्याआधी दाराकडे पाहतो.

संस्थेच्या नावाला काही किंमत नसते, असे मी म्हणणार नाही. प्राध्यापकाच्या मुलाखतीत मला रसायनशास्त्रावर तीन प्रश्न विचारले आणि मुंबई का सोडली यावर पाच.

गेल्या सोमवारी जिंतूरकडची एक विद्यार्थिनी आली होती. एक पत्र पुण्याचे, एक नांदेडचे. घरच्यांना नांदेड हवे आहे, कारण ते जवळ आहे. तिला पुणे हवे आहे, आणि कारण विचारले तर ती नुसतीच हसली. मी तिला दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर दिले आणि जिथे जाणार नाहीस तिथे त्याच दिवशी नकार कळव, प्रतीक्षा यादीत कोणीतरी ताटकळत असते, एवढे बजावले. नांदेडच्या विद्यार्थ्याशी तिचे बोलणे झाले आहे. पुण्याचा अजून फोन उचलत नाही, आणि उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे.