शेक संपले, पण डोळ्याचा कागद मिळेना

मी तासगावात बावीस वर्षं ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी डाव्या गालाच्या हाडामागच्या सायनसमध्ये गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग तोंडावर जाळीचा मास्क घट्ट बसवून रेडिएशनचे ३० शेक, आठवड्याला पाच. महात्मा फुले योजनेत सगळं बसलं. तिथपर्यंत माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

चौथ्या आठवड्यात डावा डोळा लाल झाला. वाळू गेल्यासारखा खुपायचा आणि पाणीही थांबायचं नाही. हुक लावताना पदराने डोळा पुसायचा, दोरा ओवायला जावं तर नेढंच धूसर. ‘शेकाचं आहे, जाईल’ असं सगळे म्हणत राहिले. अडीच महिने मीही तेच म्हणत बसले, ते चुकलं.

शेवटी सांगलीत डोळ्यांच्या मॅडमकडे गेले. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटायला लावले. उजवी पट्टी १७ मिलिमीटर भिजली, डावी ४. निदान १० तरी भिजायला हवी. डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्यात अश्रूंची ग्रंथी असते, तिला शेक लागून ती मंदावली. डोळ्यातून नाकात उतरणारी नळीही आकसली. म्हणून डोळा कोरडा आणि जे थोडं पाणी येतं तेही गालावर.

मग मॅडमनी विचारलं, “डोळ्याला किती ग्रे गेले?” ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं माप. कार्डावर एवढंच होतं: ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, म्हणजे ३० शेक. तो गाठीच्या जागेचा आकडा. मॅडमना डोळ्याची नस, पडदा आणि भिंग यांचे वेगवेगळे आकडे हवे होते. भिंगाला थोडा डोस गेला तरी पुढे मोतीबिंदू होतो. नसेला ५५ ग्रेच्या वर गेला तर धोका वाढत जातो. पडद्याचा त्रास सहा महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी उमटतो आणि मला शुगर आहे, म्हणजे जास्तच जपायला हवं. “तो कागद आणा, मग किती महिन्यांनी बोलवायचं ते ठरवते,” म्हणाल्या.

त्या एका कागदासाठी, शेक दिले त्या हॉस्पिटलात मी पाच खेपा घातल्या. एसटीने सांगली, पुढे वडाप, दिवसाचं काम बुडवून. पहिल्यांदा खिडकीवरचा माणूस वर न बघता म्हणाला, “मावशी, कार्डावर सगळं आहे.” दुसऱ्यांदा फाइल बघणारे रजेवर. तिसऱ्यांदा आमच्या ह्यांना पाठवलं, तर पेशंटची सही नाही म्हणून परत. हे आधीच्या दोन खेपांत सांगता आलं नसतं का? चौथ्यांदा म्हणे योजनेच्या फायली वेगळ्या खोलीत आणि खोलीला कुलूप. त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून मी रडले, आणि रडतानाही डावा डोळा खरखरत होता.

शेजारच्या मेडिकलवाल्या दादांनी मार्ग दाखवला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची. पाचव्या खेपेला तेच वाक्य घालून अर्ज लिहिला, स्वतः सही केली आणि आवकचा शिक्का मारून माझी प्रत मागून घेतली. शिक्का उमटला तशी खिडकीची भाषा बदलली. मला थेट फिजिसिस्टकडे, म्हणजे शेकाच्या डोसचा हिशेब ठेवणारीकडे पाठवलं. त्या पोरीने कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं, “ताई, आधीच का नाही आलात?” म्हणाली आणि दहा मिनिटांत छापून दिला. डाव्या नसेला जास्तीत जास्त ५१ ग्रे, भिंगाला १४. नसेचा आकडा वाचून हात-पाय मोकळे झाले. भिंगाचं मॅडमनी स्पष्ट सांगितलं: मोतीबिंदू येईल, पण तो काढता येतो.

म्हणून सांगते, शेवटच्या शेकाच्या दिवशीच हा कागद मागा. ‘डोस रिपोर्ट, डोळ्याच्या आकड्यांसकट’ असंच म्हणा. शक्य असेल तर शेक सुरू व्हायच्या आधी एकदा डोळे तपासून घ्या, म्हणजे नंतर काय बदललं ते कळतं. माझं ते राहिलं.

कोरड्या डोळ्यात घालायच्या थेंबांचं म्हणाल, तर दिवसातून बऱ्याचदा घालायचे असतील तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायचं रसायन, नसलेले मागा. ते एकेका छोट्या कुपीत येतात. रात्री मलम लावते, थेंबांनंतर दहा मिनिटांनी. गाडीवर बसताना चष्मा लावते, पंखा तोंडावर घेत नाही. मलमाने सकाळी थोडा वेळ धूसर दिसतं, त्याला घाबरू नका. पण न दुखता अचानक दिसायचं कमी झालं, पडदा पडल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असतील तर सोबत माणूस न्या, मी एकटी गेले तेव्हा स्टँडवर एसटीची पाटी वाचता येईना.

आता दर चार महिन्यांनी पडद्याची तपासणी आहे. त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या: एक मॅडमच्या फाइलीत, एक ह्यांच्या पाकिटात, एक मशिनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली.