आमची वाटचाल : दोन कर्णे, चार माईक आणि एक थकलेलं बिल

दादांनी (वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो) १९७८ साली मिरजेत स्पीकरचा धंदा सुरू केला. भांडवल म्हणजे दोन कर्णे, आहुजाचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि सायकलचं कॅरिअर. गिऱ्हाइकं दोनच, लग्न आणि सभा. गाण्याचं काम आलं ते मिरजेतल्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसामुळे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर दर्ग्यातच आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. कलाकार तिथं हजेरी लावतात ती सेवा म्हणून. एका वर्षी दादांना कर्णे लावायला बोलावलं. गाणारे बिदागी घेत नाहीत, तर माईकवाल्यानं बिल कुठल्या तोंडानं द्यायचं? दादांनी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं त्यांना दुकानात बसवलं. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि म्हणाला, ‘आता ऐक.’ मघाशी नुसती टणटणणारी तार गोल होऊन घुमायला लागली. ‘ही जवारी. काल तुझ्या कर्ण्यानं हिचं पार वाटोळं केलं.’ दादा हा किस्सा शेवटपर्यंत सांगत आणि दर वेळी त्यांचा चेहरा पडे.

चांगले माईक हवे होते, पण पैसे कुठून आणायचे? गाण्याच्या कार्यक्रमातून तर नक्कीच नाही. १९९५ ची विधानसभा लागली, आमच्याकडे दिवसाला तीन-तीन सभा होत्या. त्या कमाईतून दादांनी दोन कंडेन्सर माईक, म्हणजे बारीक स्वरही टिपणारे, घेतले. आमच्या गाण्याच्या सामानाला आजही राजकारणच पोसतं, हे लपवण्यात अर्थ नाही. सभेचा माणूस व्यासपीठ उतरवायच्या आत हिशेब मिटवतो. संगीत महोत्सवाचा माणूस मात्र ‘कलेची सेवा आहे हो’ म्हणतो, आणि मी खिसा चाचपतो.

आश्रय ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरज संस्थानात गायले-शिकवले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडेच शिकले, १८९६ च्या सुमारास मिरज सोडून निघाले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटावर गाणं चालावं, ही त्यांची धडपड. तिकडे कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. एक माणूस गेला की गवयाचं गाव बदलायचं. पुढे संस्थानं विलीन झाली, रेडिओ मालक झाला. तो मालकही लहरी, त्यानं १९४० ते १९७१ पेटीला (हार्मोनियमला) बाहेर बसवलं. आता राजा एक नाही. पालकमंत्री, आमदार, नगरसेवक, बँकेचे चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक. मी एका फ्लेक्सवर चौदा फोटो मोजलेत. गायिकेचा पंधरावा, खाली कोपऱ्यात, तबलजीच्या फोटोएवढाच.

एक कार्यक्रम अजून डोळ्यांपुढे आहे. शहराचं नाव सांगत नाही, महोत्सव सरकारी पैशाचा होता. वेळ सहाची. साडेपाचला आम्ही तानपुरे लावून माईक बसवले. पाहुणे आले पावणेआठला. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. डिसेंबरचं उघडं मैदान, गारठ्यानं तारा कधीच बेसूर झालेल्या. नऊला पाच कमी असताना गाणाऱ्या बाई पडद्याआडून आल्या आणि संयोजकांना सोडून मला विचारलं, ‘दादा, किती वेळ आहे माझ्याकडे?’ दहाला बटण बंद करणारा मीच, म्हणून. म्हटलं, ‘ताई, एक तास पाच मिनिटं.’ त्यातली दहा मिनिटं तानपुरे पुन्हा लावण्यात गेली. त्यांनी विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं सविस्तर गाणं, सोडूनच दिला आणि बिहाग राग थेट मध्यलयीत धरला. भाषण आटोपून पाहुणे निघून गेले होते, पुढचे सोळा सोफे रिकामे. गाण्याची पोरं मागे सतरंजीवर. दहाला दोन मिनिटं कमी असताना हवालदार मिक्सरपाशी येऊन उभा राहिला. भैरवी चालू होती. मी काही बोललो नाही, फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, बोटभर बोटभर खाली ओढत राहिलो. बाईंना कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही, डोळे मिटून शेवटची ओळ जवळजवळ बिनमाईकचीच म्हटली.

हवालदाराचा दोष नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्यातले बहुतेक गणपती, नवरात्र, शिवजयंतीत जातात. उरलेल्यात ख्यालासाठी जागा मिळवायला वजन लागतं. रात्रभर चालणारी मैफल आणि उत्तररात्रीचे राग उघड्या मंडपातून गेले ते असे.

त्या कार्यक्रमाचं बिल अकरा महिन्यांनी आलं, तेही अर्धं. ‘निधी आला नाही’ हे वाक्य मी झोपेतही ओळखतो. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटी भरावाच लागतो, पैसे मिळोत न मिळोत. म्हणजे जे माझ्याकडे आलेच नाहीत, त्यांचा कर मी आधी भरला. तेव्हापासून आम्ही निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि निविदा भरत नाही. दोन मोठी कामं त्यामुळे हातची गेली. गेली तर गेली.

एक गंमत सांगतो. २०२४ च्या आचारसंहितेत एका खासगी मंडळाची मैफल होती. फ्लेक्स नाहीत, पुढारी नाहीत. साडेसहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला, विलंबित पाऊण तास चालला. मंडळाचे सेक्रेटरी मध्यंतरात चहा पिता पिता म्हणाले, ‘दर वर्षी निवडणूक हवी बघा.’ पुढच्या वर्षी त्यांच्याच पत्रिकेवर चार प्रमुख पाहुणे होते.

कोरोनात दोन वर्षं गोडाऊनला कुलूप होतं, जुने कर्णे भंगारात विकले. एक ठेवलाय, दादांचा.

सध्या छोट्या बैठकांची कामं वाढली आहेत. घरातला हॉल, साठ माणसं, प्रत्येकी वर्गणी, गायकाला पाकीट त्याच रात्री. परवा एक डॉक्टरीणबाई असाच हॉल दाखवायला घेऊन गेल्या. छत बुटकं, भिंतीला पुस्तकांची कपाटं. मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली आणि म्हटलं, ‘मॅडम, इथं माईक लावूच नका.’ त्या बघतच राहिल्या. बिल केलं ते सतरंज्या आणि लोडांचं.