नोंदीतून गळालेला प्रश्न

मानसशास्त्रात एम. ए. करीत असताना मला गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास करायचा होता. पीएच. डी.च्या मुलाखतीत हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले होते की आज ते आठवले तरी संकोच वाटतो. त्यामागे पुण्यातलाच एक खटला होता. 2008 साली येथील सत्र न्यायालयाने एका खुनाच्या प्रकरणात आरोपींना दोषी ठरवताना मेंदूतील विद्युत लहरी मोजणाऱ्या चाचणीचाही आधार घेतला होता. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशी चाचणी, तसेच नार्को (औषध देऊन अर्धवट शुद्धीत केलेली चौकशी) आणि पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी), कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाही, असा निर्णय दिला. मन वाचणाऱ्या यंत्राची ही कहाणी माझ्या डोक्यात घट्ट बसली होती.

पहिली अडचण अशी की या विषयाला घरच नव्हते. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत मानसशास्त्र, विधी आणि गुन्हेगारीशास्त्र हे तीन वेगवेगळे विषय आहेत, आणि तीच विभागणी माणसांच्या डोक्यातही असते. एका संस्थेतल्या मार्गदर्शकांनी माझा आराखडा काही महिने ठेवून घेतला आणि ‘हे कायद्याचे काम आहे’ म्हणून परत केला. कायद्याच्या प्राध्यापकांना त्यात संख्याशास्त्र फार वाटले. अखेरीस मी मानसशास्त्रातून नेट दिली आणि साक्षीपुराव्याचा कायदा पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून स्वतःच वाचला.

ज्या मॅडमनी मला पीएच. डी.साठी आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले, त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या येरवडा कारागृहातील मुलाखतींच्या बेतावर एकच प्रश्न विचारला : “ज्याला दार उघडून बाहेर जाता येत नाही, त्याने तुमच्या संमतीपत्रावर सही केली तर ती स्वेच्छेची आहे हे नैतिकता समितीला कसे पटवाल?” मला उत्तर देता आले नाही. उत्तर नसतेच असे नव्हे. अशा मुलाखती रीतसर होतात. पण माझ्या बेतात त्याचा विचारच नव्हता, हे मात्र खरे.

मॅडमनी वाचायला दिलेल्या निबंधांत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 सालचा प्रयोग होता. पंचेचाळीस विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला होता आणि प्रश्नातले केवळ क्रियापद बदलले होते. जोरात आदळल्याचा अर्थ देणाऱ्या शब्दाला ताशी सुमारे 40 मैलांचे उत्तर आले, तर नुसता स्पर्श सुचवणाऱ्या शब्दाला सुमारे 32 मैलांचे. मी गुन्हेगाराकडून साक्षीदाराकडे वळले ती या निबंधामुळे. आपल्या न्यायालयांतील प्रश्नांची भाषा साक्षीवर काय परिणाम करते, हे जुन्या खटल्यांच्या कागदपत्रांतून तपासायचे मी ठरवले.

येथे माझे सर्वांत मोठे अज्ञान उघडे पडले. काही साक्षींच्या प्रती मिळवून मी वाचू लागले, तर त्यांत प्रश्न जवळजवळ नव्हतेच. ‘मी आरोपीस ओळखतो. असे म्हणणे खोटे आहे की, घटनेच्या वेळी अंधार होता’ अशी सलग विधानेच पानामागून पाने होती. एका वकिलांना विचारले तेव्हा ते हसले : “मॅडम, प्रश्न कुठून सापडणार? न्यायाधीश साहेब उत्तर ऐकून लघुलेखकाला सांगतात, तेच कागदावर उतरते.” फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 276 नुसार सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः निवेदनाच्या स्वरूपात नोंदवली जात असे, प्रश्नोत्तरे नोंदवणे न्यायाधीशांच्या इच्छेवर असे, 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, तरी नोंदीची रीत तीच राहिली. म्हणजे मला ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा होता, ती नोंदीतच गळालेली होती. सूचक प्रश्न, म्हणजे अपेक्षित उत्तर सुचवणारे प्रश्न, सरतपासात (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या तपासणीत) परवानगीविना विचारता येत नाहीत, उलटतपासात येतात, हे मी पाठ केले होते. पण प्रश्न सूचक होता की नाही, हे त्या कागदावरून कळण्याचा मार्गच नव्हता.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दुसऱ्यांदा लिहावा लागला. न्यायालय सर्वांना खुले असल्याने शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून प्रश्न हाताने टिपायचे, असे ठरले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे खटले बंद दालनात चालतात, म्हणून ते अभ्यासाबाहेर ठेवले. दुसरा भाग प्रयोगाचा होता, आणि त्यात खरी गंमत मराठीने आणली. लॉफ्टस यांची क्रियापदे तशीच उचलता येत नाहीत. आपल्याकडे ‘गाडी आदळली’, ‘धडकली’, ‘घासली’, ‘लागली’ यांतली चढउतार वेगळी आहे. शिवाय ‘त्याने काच फोडली’ आणि ‘त्याच्या हातून काच फुटली’ यांत कर्तेपणाच बदलतो, आणि उलटतपासात वकील नेमका याच फरकाचा उपयोग करतात. नैतिकता समितीने सहभागींना अपघाताचे दृश्य दाखवण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना आहे का, एवढेच विचारले. तो मजकूर तीनदा बदलल्यावर मान्यता मिळाली.

आता आठवड्यातून दोन दिवस मी न्यायालयात जाते. वहीत दोन रकाने आखले आहेत : डावीकडे विचारलेला प्रश्न, उजवीकडे न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलेले वाक्य. डावा रकाना भरताना हात पुरत नाही.