सुलतानाच्या राज्यात कोर्ट कुणाचं?

मुंबई हायकोर्टाच्या जुन्या निकालांविषयी कुठंही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं झांझिबार बेट इंग्रजांनी जिंकलं नव्हतं, गादीवर अरब सुलतान होता, मग तिथल्या खटल्यांची अपिलं मुंबईला कशी येत होती? याचं एका ओळीचं उत्तर आहे: १८६६ साली तशी ऑर्डर-इन-कौन्सिल, म्हणजे इंग्लंडच्या राणीचा हुकूम, निघाली होती. उत्तर खरं आहे, पण विचारणाऱ्याचा चेहरा तसाच प्रश्नार्थक राहतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून आज जरा पसरून सांगतो.

कायदा जमिनीला चिकटलेला असतो, हे आपण गृहीत धरतो. ज्या देशात उभे आहात, तिथलं कोर्ट तुमचं. एकोणिसाव्या शतकातल्या झांझिबारमध्ये तो माणसाला चिकटलेला होता. सुलतान सय्यद सईदनं १८३३ साली अमेरिकेशी, १८३९ साली ब्रिटनशी आणि १८४४ साली फ्रान्सशी तह केले. त्या त्या देशाच्या रयतेचे तंटे त्या त्या कॉन्सलनं, म्हणजे त्या देशाच्या तिथल्या प्रतिनिधीनं, सोडवायचे, असं त्यातून ठरलं. रयता वेगवेगळ्या असतील तर प्रतिवादी ज्याचा, कोर्ट त्याचं. अरबानं इंग्रजावर दावा लावायचा तर इंग्रज कॉन्सलकडे जायचं, इंग्रजानं अरबावर लावायचा तर सुलतानाच्या काझीकडे. एकाच गल्लीतले चार दुकानदार चार वेगळ्या कायद्यांखाली माल विकत बसलेले.

हे मान्य करणारा सुलतान भोळा होता, असं मला वाटत नाही. परक्या व्यापाऱ्यांची भांडणं त्यांची त्यांना मिटवू द्यावीत, ही मुसलमानी राज्यांतली जुनी वहिवाट होती. तुर्की सुलतानांनीही युरोपियनांना तशा सवलती दिल्या होत्या. गोरे होतेच किती? मूठभर. त्यांची कटकट परस्पर मिटत असेल तर बरंच, असा त्याचा हिशेब असणार. हिशेब बिघडला तो हिंदी लोकांमुळे.

झांझिबारमध्ये कच्छी भाटिये, खोजे, बोहरे, मेमण हजारोंनी होते. लवंग, हस्तिदंत, कापड या व्यापारांतलं भांडवल बरंचसं त्यांचं. खुद्द सुलतानाच्या जकातीचा मक्ता १८३०च्या दशकापासून पुढं कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटियाच्या पेढीकडे होता. आता प्रश्न असा, की हे लोक कुणाची रयत? ब्रिटिश म्हटलं, तर राज्याचा वसूल गोळा करणारा माणूसच राज्याच्या कोर्टाबाहेर जातो. आणि ब्रिटिश म्हणायचं तरी कसं? त्यातले बहुतेक कच्छचे. कच्छ ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं. तिथं राव होते, १८१९ पासून कंपनीच्या संरक्षणाखाली. म्हणजे एका संरक्षित राजाची रयत दुसऱ्या राजाच्या बंदरात धंदा करत होती, आणि दोघांच्या मध्ये इंग्रज कॉन्सल उभा होता. या विषयातली मला सगळ्यात रस वाटणारी जागा हीच.

गाठ सुटायला निमित्त झालं गुलामांचं. ब्रिटिश रयतेनं गुलाम बाळगणं हा गुन्हा होता, आणि झांझिबारमधल्या पुष्कळ हिंदी घरांत नि मळ्यांवर गुलाम होते. १८६० साली कॉन्सल ख्रिस्तोफर रिग्बीनं हिंदी लोकांचे गुलाम सोडवायला सुरुवात केली आणि हजारो सोडवले. कच्छी व्यापारी म्हणाले, आम्ही रावांची रयत, तुमची नव्हे. युक्तिवाद कायद्याला धरून होता, हेतू चांगला नव्हता. रिग्बी गेल्यावर त्याच्या जागी आलेल्यांनी धोरण सैल केलं. ज्यानं आपणहून कॉन्सलकडे नाव नोंदवलं तोच ब्रिटिश, बाकीचे सुलतानाचे. मग काय, नाव न नोंदवण्यात फायदा. शेवटी १८६९ साली कच्छच्या रावांकडून जाहीरनामा काढवून घेतला, की झांझिबारमधल्या आपल्या रयतेला ब्रिटिश रयतेप्रमाणे वागवावं. भुजला कागदावर सही झाली आणि समुद्रापलीकडे हजारो माणसांचं कोर्ट बदललं. सुलतानाला कुणी विचारलं नाही. मक्तेदार, सावकार, घाऊक व्यापारी असे सगळे त्याच्या काझीच्या हाताबाहेर गेले, तेव्हा झांझिबार ब्रिटनच्या संरक्षणाखाली जायला अजून एकवीस वर्षं होती.

गुलामगिरी मोडायचा हेतू खरा नव्हता, असं मी म्हणत नाही. रिग्बीच्या बाबतीत तो नक्की खरा होता. पण माणुसकीचं काम आणि सत्तेचं काम एकाच शाईनं झालं, आणि पुढं सत्तेचं तेवढं टिकून राहिलं.

आता मुंबई. तेव्हा झांझिबारचा कॉन्सल हाच हिंदुस्थानच्या बाजूनं पोलिटिकल एजंटही असे. मोसमी वाऱ्यावर गलबतं मुंबईहून आणि कच्छातल्या मांडवीहून जात आणि उलट्या वाऱ्यावर परत येत, हिशेबाच्या वह्या गुजरातीत, नाणं पुढं बहुतेक रुपयाचं. हायकोर्ट १८६२ साली स्थापन झालेलं. एवढ्यावर मुंबई सोयीची ठरतेच. पण मला यापेक्षा मोठं वाटतं ते कारण छापखान्याचं आहे. इंग्लंडचा कायदा शेकडो वर्षांच्या निकालांत विखुरलेला होता, तो पेटीत भरून नेता येत नव्हता. हिंदुस्थानात मात्र त्याच सुमारास कायदे कलमवार बांधून निघत होते: १८६०चा दंडसंहितेचा कायदा, १८७२चा कराराचा, तसाच पुराव्याचा. लष्करी पेशातून आलेला, वकिली न शिकलेला कॉन्सलही पुस्तक उघडून कलम काढू शकत होता. म्हणून झांझिबारच्या ब्रिटिश कोर्टात चालले ते हिंदुस्थानचे कायदे, आणि ते कोर्ट मुंबई इलाख्यातलं एक जिल्हा कोर्ट आहे असं धरून वर अपील मुंबईला. मोंबासाकडचा किनाराही सुलतानाचाच होता. तिथं युगांडा रेल्वेसाठी घेतलेल्या जमिनीच्या भरपाईचं भांडण मुंबई हायकोर्टातून वर चढत १९०१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्यातल्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेलं. आफ्रिकेतली जमीन, अरब सुलतानाचं राज्य, हिंदुस्थानचा भूसंपादन कायदा.

ही व्यवस्था हिंदी सावकाराच्या सोयीचीच होती, असंही नाही. लवंगांचे मळे गहाण टाकणारा ऋणको अरब, म्हणजे सुलतानाची रयत. वसुलीचा दावा लावायचा तर काझीकडे, आणि तिथं व्याज निषिद्ध. म्हणून बै-खियार, म्हणजे परत घेण्याची मुभा ठेवून केलेली विक्री, असा आडमार्ग चाले. मळा कागदावर विकायचा, मूळ मालकानंच तो भाड्यानं कसायचा, भाडं म्हणजे व्याज. आपल्याकडच्या मुदतखरेदीची आठवण येईल.

१८९० साली झांझिबार ब्रिटनचं संरक्षित राज्य झालं. सुलतान राहिला, झेंडा राहिला, काझी राहिले. बाकीच्या युरोपियनांची कोर्टंही राहिली, आणि त्याचा पुरावा सहा वर्षांनी सगळ्यांना दिसला. १८९६च्या ऑगस्टमध्ये सुलतान वारला आणि इंग्रजांना न विचारता राजघराण्यातला खालिद बिन बर्घश गादीवर बसला. २७ तारखेला सकाळी इंग्रजी आरमारानं राजवाड्यावर तोफा डागल्या, पाऊण तासाच्या आत लढाई संपली. खालिद पळून जर्मन कॉन्सलच्या वाड्यात शिरला. बाहेर इंग्रजांचा पहारा, आत जर्मनीचा अधिकार. महिनाभर असंच चाललं. मग ऑक्टोबरमध्ये एके दिवशी मोठ्या भरतीचं पाणी कॉन्सलच्या आवाराला लागलं, जर्मन आरमाराची होडी तिथंच आली, आणि खालिद झांझिबारच्या जमिनीवर पाय न ठेवता तिच्यात उतरून जर्मनांच्या ताब्यातल्या दारेसलामला गेला. तोफांनी राजवाडा पडला, पण शेजारच्या कुंपणापलीकडं हात पोचेना. इंग्रजांनी धडा घेतला. पुढच्या दहाएक वर्षांत एकेका देशाला आपले खास अधिकार सोडायला लावले, अमेरिकेनं १९०५च्या तहानं सोडले. त्या सगळ्या परकीयांवरचा अधिकार सुलतानाकडे परत गेला नाही. तो ब्रिटिश कोर्टात जमा झाला.

मग इंग्रजांनी सरळ खालसाच का केलं नाही, असं लोक इथं विचारतात. एक कारण खर्चाचं. दुसरं कमी सांगितलं जातं. ब्रिटिश मुलखात गुलामगिरी एक दिवसही कायदेशीर राहू शकत नव्हती. झांझिबार खालसा केलं असतं तर त्याच दिवशी लवंगांच्या मळ्यांवरची मजुरी मोडली असती. सुलतानाचं राज्य म्हणून ठेवलं, तर ती सुलतानाची रीत ठरते. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली ती १८९७ साली, सुलतानाच्या फर्मानानं, मालकांना भरपाई देऊन, आणि उपपत्नी म्हणून ठेवलेल्या स्त्रियांना त्यातून वगळून. त्यांच्यासाठी १९०९ उजाडावं लागलं. हजारोंना सोडवणाऱ्या रिग्बीच्याच देशानं पुढं सुलतानाच्या सार्वभौमत्वाची ढाल पुढं केली, हे मला त्या तोफांपेक्षा जास्त बोचतं.

कागदोपत्री आधार होता १८४३चा आणि मग १८९०चा परकीय अधिकारक्षेत्राचा कायदा. परमुलखात तहानं, वहिवाटीनं किंवा नुसतं कुणी चालू दिल्यानं मिळालेला अधिकारही राणीनं असा वापरावा, की जणू तो मुलूख तिनं जिंकला आहे. कायदे करणाऱ्यांनी इतकं उघड लिहून ठेवलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही सोंगटी उलटीही पडायची. मलायातल्या जोहोरचा सुलतान इंग्लंडात खोट्या नावानं राहिला आणि एका इंग्रज बाईनं त्याच्यावर लग्नाचं वचन मोडल्याचा दावा लावला. कोर्टानं वसाहत खात्याला विचारलं, हा स्वतंत्र राजा आहे का? खात्यानं कळवलं, आहे. १८९४च्या रिपोर्टांत तो निकाल सापडतो: सार्वभौम राजावर आमच्याकडे दावा चालत नाही.

आपल्या संस्थानांतही हाच खेळ होता. गोऱ्या ब्रिटिश रयतेवर संस्थानी कोर्टाचा हात चालत नसे, आणि निजामाच्या हद्दीतून जाणाऱ्या रेल्वेच्या पट्ट्यावर अधिकार इंग्रजांचा. तिथल्या एका स्टेशनावर सिमल्याच्या वॉरंटावरून माणूस पकडला, तेव्हा १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलनं ती अटक बेकायदा ठरवली. रेल्वेपुरता दिलेला अधिकार रेल्वेपुरताच, जमीन निजामाचीच. असे निकाल थोडे, म्हणून लक्षात राहतात.

झांझिबारची अपिलं १९१४ साली मुंबईहून पूर्व आफ्रिकेच्या अपील कोर्टाकडे गेली. तोवर सुलतानाच्या कोर्टातही इंग्रज न्यायाधीश बसू लागले होते. तोच माणूस एका खटल्यात ब्रिटिश राजाच्या नावानं न्याय देई, दुसऱ्यात सुलतानाच्या. पक्षकार कुणाची रयत, हे पाहून फक्त वरचं नाव बदलायचं.

मुंबईचं काम मात्र तिथं संपलं नाही. १९१३ साली बहारीनसाठी तशीच ऑर्डर निघाली, १९१९ पासून ती अमलात आली. तिथंही शेखांचं राज्य, परकीयांवर पोलिटिकल एजंटचं कोर्ट, बहारीनी आणि परकीय यांच्यातल्या खटल्यांना संयुक्त कोर्ट, आणि बेटं मुंबई इलाख्यातला एखादा जिल्हा समजून हिंदुस्थानचे कायदे. १९२५ साली कुवेतची पाळी आली. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर मुंबईशी असलेला धागा तुटला, परकीयांवरचा अधिकार तुटला नाही. तो लंडनकडून चालत राहिला, कुवेतमध्ये १९६१ पर्यंत आणि बहारीनमध्ये १९७१ पर्यंत.