सोळा काळे चौकोन

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या गाळ्यात पाण्याच्या टाकीचे कंट्रोलर बनतात. एटीमेगा-८ ही मायक्रोकंट्रोलर चिप, तिला ठोका देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, १६ अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले. कोड माझाच. तो चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोडची काटछाट, बंद ठेवून लिहिलेला. मोटर कोरडी चालू नये म्हणून त्यात एक भाग वाढवला आणि चिपची ८ केबीची फ्लॅश मेमरी भरली. म्हटलं, ओ-एस लावू, म्हणजे कोड लहान करणारं ऑप्टिमायझेशन. कोड मावलाही.

बोर्ड चालू केला, तर वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन. म्हणजे डिस्प्लेला सुरुवातीच्या कमांड नीट पोचल्याच नव्हत्या. मी आधी कॉन्ट्रास्टचा प्रीसेट पिळला, मग सोल्डरिंग पुन्हा केलं, शेवटी शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून दोन नवे डिस्प्ले आणले. तेच चौकोन!

सोमवारी आमच्या सीनियर काकांनी विचारलं, "शेवटचं काय बदललंस?"

"ओ-एस लावलं."

"मग सोल्डरिंग गन ठेव आणि लिस्टिंग उघड."

कंपायलरने चिपसाठी बनवलेल्या सूचनांची ती यादी उघडली. माझ्या डिले फंक्शनच्या, म्हणजे नुसतं थांबवणाऱ्या कोडच्या, आत फक्त एक 'रेट' होता. आलास तसा परत जा! कंपायलरचं काय चुकलं? रिकामा फॉर लूप, आत काही काम नाही, काउंटर नंतर कोणी वाचत नाही. त्याने तो उडवला. वेळ घालवणं हेच काम होतं, हे त्याला कळणार कसं? डिस्प्ले पुसायच्या कमांडला दीड मिलिसेकंद लागतो, आणि पुढची कमांड काही मायक्रोसेकंदांतच जाऊन धडकत होती.

काउंटरला व्होलटाइल हा शब्द लावला. आता प्रत्येक फेरीला तो रॅममधून वाचून परत लिहावाच लागतो, त्यामुळे लूप टिकला. डिस्प्ले उजळला, पण डिले किती मिलिसेकंदांचा, हे अंदाजपंचेच. लूपमध्ये व्होलटाइल नॉप, म्हणजे काहीच न करणारी सूचना, टाकली तरी तीच गत. म्हणून मिलिसेकंद मोजून थांबणारं लायब्ररीचं डिले-एमएस घेतलं. गंमत म्हणजे त्याला ऑप्टिमायझेशन चालूच लागतं.

तरीही चौकोन परत आले! एफ-सीपीयू, म्हणजे चिपचा वेग सांगणारा आकडा, मी लायब्ररीच्या हेडर फाइलच्या ओळीखाली लिहिला होता. हेडरने आपला १ मेगाहर्ट्झ धरला आणि सगळे डिले सोळाव्या हिश्श्यावर आले. वॉर्निंग आली होती, मी वाचली नव्हती. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघितलं.

एफ-सीपीयू आता मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये आहे, आणि मोटरची पाच सेकंदांची वाट चिपमधला टायमर-१ बघतो. दोन नवे डिस्प्ले अजून ड्रॉवरमध्येच आहेत.